अळू नसलेलं बेट

सॅन फ्रान्सिस्कोत नॉब हिलवर फेअरमाँट नावाचं जुनं, भारदस्त हॉटेल आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर दर अर्ध्या तासानं पाऊस पडतो. आधी गडगडाट होतो, दिवे लुकलुकतात, मग मधल्या तळ्यात धो धो पाणी कोसळतं आणि तळ्यातल्या तराफ्यावर बसलेले वादक काही झालंच नाही अशा थाटात वाजवत राहतात. हे तळं म्हणजे मुळात 1929 साली बांधलेला पोहण्याचा हौद. 1945 मध्ये एका सिनेमा कंपनीच्या नेपथ्यकाराला बोलावून त्याचं बेट केलं आणि नाव ठेवलं टोंगा रूम.

भाचा घेऊन गेला होता. ‘मावशी, तुला आवडेल, आत पाऊस आहे,’ म्हणाला. देवगड तालुक्यात वाढलेल्या बाईला पैसे मोजून पाऊस दाखवायचा म्हणजे अगदीच उलटी गंगा. पण खोटं कशाला बोलू, मजा आली. दुसऱ्या पावसाला तर मी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे पुढं जे लिहिते आहे ते नाक मुरडून परत आलेल्या बाईचं म्हणून वाचू नका.

परतताना गाडीत मी सहज विचारलं, ‘टोंगा म्हणजे नक्की कुठं रे?’ भाचा तिथं बारा वर्षं राहतो. त्याला पॅसिफिक एवढंच सांगता आलं. मग त्याच्या बायकोनं सांगितलं की आपल्या घराच्या अलीकडे सॅन मटेओ आणि ईस्ट पालो आल्टोच्या भागात टोंगाच्या लोकांची चांगली मोठी वस्ती आहे. तिच्या ऑफिसातली एक मुलगी त्यांच्यातलीच. त्यांच्या सणाच्या जेवणात ‘लू’ असतं. कोवळ्या पानांत मांस, कांदा आणि नारळाचं दूध घालायचं, पुडी बांधायची आणि तासन्‌तास शिजवायची.

‘कसली पानं?’ मी विचारलं.

‘अळूची.’

तिथून पुढं मी अळूचाच माग काढत गेले. टोंगात लू, सामोआत पालुसामी, हवाईत लाउलाउ. पान एकच, आपल्या परसात न्हाणीघराच्या सांडपाण्यावर माजतं तेच, आणि बहुतेक ठिकाणी सोबतीला नारळ. हजारो मैल समुद्रात विखुरलेल्या या बेटांवर माणसं होड्या वल्हवत गेली तेव्हा अळूचे कंद सोबत घेऊन गेली. पॅसिफिकच्या बेटांवरच्या जेवणाचा कणा कुठला, तर हे झाड. आणि ‘बेटावरचं जेवण’ म्हणून जगभर जे विकलं जातं, त्यात नेमकं तेच बहुतेक ठिकाणी नसतं. ते कसं निसटलं, हे पाहिल्याशिवाय बेटाच्या थीमच्या हॉटेलांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत या प्रकाराला टिकी म्हणतात. 1930च्या दशकात, दारूबंदी उठली त्या सुमाराला, अर्नेस्ट गँट नावाच्या एका भटक्या तरुणानं हॉलिवूडमध्ये बांबू, जाळी, शंख-शिंपले टांगून छोटासा बार काढला. पुढं त्यानं स्वतःचं नावही कायद्यानं बदलून डॉन बीच करून घेतलं. त्याच काळात पलीकडे ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉननं दुकान थाटलं, ते ट्रेडर व्हिक्स. दोघेही हुशार, दोघेही गोष्टीवेल्हाळ. त्यांनी जे जमवलं ते असं: रम कॅरिबियन समुद्रातली, देव पॅसिफिकमधले, स्वयंपाक बराचसा कँटनी, म्हणजे दक्षिण चीनच्या वळणाचा आणि ग्लास भरणारे हात फिलिपिनो. डॉनच्या बारमध्ये सिरपच्या बाटल्यांवर नावं नसत, आकडे आणि खुणा असत. पोऱ्या नोकरी सोडून गेला तर कृती त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून ही खबरदारी. रे बुहेन हा त्या पहिल्या फिलिपिनो बारटेंडरांपैकी एक. त्यानं 1961 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा टिकी-टी काढला आणि तो चिमुकला बार त्याच्या घरच्यांनी पुढं चालवला. त्या सगळ्या टिकीच्या गोष्टीत मला सर्वांत आवडतो तो हा माणूस. आकड्यांच्या बाटल्या पाठ करून स्वतःच्या गल्ल्यावर जाऊन बसलेला.

टिकी बारांच्या मेनूवरचा एक पदार्थ क्रॅब रंगून. खेकड्याचं मांस आणि क्रीम चीज मैद्याच्या पातळ पारीत भरून तळायचं. रंगूनच्या माणसाला क्रीम चीज दाखवलं असतं तर तो भिंतीला लावायचा चुना समजला असता. हसू नका. ‘व्हेज कोल्हापुरी’ आपणच मागवतो ना? हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर मिळणारी ही लालभडक भाजी कोल्हापूरच्या कुठल्याही आजीनं घरात केलेली नाही. 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपली चप्पल नाव न घेता वापरली तर आपण पेटून उठलो. नाव भाजीला चिकटवलं तर चपाती मागवतो.

‘टिकी’ हा शब्द माओरी आणि मार्केसस बेटांवरचा. पहिला माणूस, पूर्वज, त्याची कोरलेली मूर्ती. हवाईत त्याला किई म्हणतात. या मूर्तीच्या चेहऱ्याचा चिनी मातीचा मग करायचा, डोक्यातून दारू ओतायची, वर कागदाची छत्री खोचायची, हे टिकी बारचं बोधचिन्ह. देव आणि दारू एकत्र आले म्हणून मी दचकणाऱ्यांतली नाही. उज्जैनला काळभैरवाला बाटलीचाच नैवेद्य असतो. पण तिथं दारू देवाच्या ओठाला लावतात. इथं देवाच्या कवटीतून गिऱ्हाईक पितं.

या बारांना भरती आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पॅसिफिकमधून परत आलेल्या सैनिकांना ती बेटं आठवत होती, निदान त्यांचा निळा रंग तरी. 1946 मध्ये अमेरिकेनं मार्शल बेटांमधल्या बिकिनीवरच्या 167 लोकांना घरं सोडायला सांगितली आणि तिथं अणुबॉम्बच्या चाचण्या सुरू केल्या. 1958 पर्यंत मार्शल बेटांवर 67 स्फोट झाले. बिकिनीचे लोक कायमचे परतू शकलेले नाहीत. शहराशहरांत खोटी बेटं उभी राहत होती त्याच बारा वर्षांत खरं बेट राहण्यालायक उरलं नव्हतं. बार काढणाऱ्यांनी बॉम्ब टाकला नाही, हे कळतं मला. तरी ज्या गिऱ्हाइकाला बेट हवं आणि बेटावरचा माणूस नको, ते गिऱ्हाईक दोन्हीकडे एकच होतं.

आता हवाईकडे येते, कारण तिथं बेटाची थीम बेटावरच विकतात.

तिथल्या ओआहू बेटावर आम्ही रीतसर लुआऊला, म्हणजे हवाईच्या मेजवानीला गेलो. तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या वर. बसमधून उतरल्या उतरल्या गळ्यात शंखांची माळ, मग फोटो, मग फोटो विकत घेण्याचा काउंटर. समुद्राकाठी लांबच लांब टेबलं, आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखी, फक्त खुर्च्यांना भावाप्रमाणे रंग. जमिनीतल्या भट्टीतून डुक्कर बाहेर काढण्याचा सोहळा झाला, सगळ्यांचे फोन वर गेले. बुफेत टेरियाकी चिकन, मॅकरोनी, पावाचे गोड बन, आणि पार शेवटी औषधाच्या मापाएवढ्या कागदी कपात काहीतरी जांभळट-करडं. निवेदक माइकवर म्हणाला, ‘ती पोई. हिंमत असेल तर खा, नाहीतर घरी नेऊन भिंतीला कागद चिकटवा.’ सगळे हसले. आमच्या टेबलावरच्या टेक्सासच्या बाईंनी कप न चाखताच ताटलीत पालथा घातला.

पोई म्हणजे अळकुडी उकडून, पाटावर कुटून, पाणी घालून केलेली खळ. निवेदक चुकीचं बोलला नव्हता, खळच ती. पण हवाईच्या कथेत आकाशपिता वाकेआचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथून अळूचं रोप उगवलं, आणि नंतर जन्मलेला दुसरा मुलगा तो माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही, अशी तिथली रीत. आणि ज्या ‘लुआऊ’ची आम्ही तिकिटं काढली होती, त्या शब्दाचा मूळ अर्थ अळूचं पान. जेवणाला नाव पानाचं, आणि पान कुठं, तर आमच्या ताटात नव्हतंच.

या पंगतीची गोष्टही मोठी आहे. जुन्या हवाईत बायका आणि पुरुष एकत्र जेवू शकत नसत. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी बायकांना वर्ज्य. 1819 मध्ये तरुण राजा लिहोलिहो आपली आई आणि दिवंगत राजाची लाडकी राणी कआहुमानू यांच्या आग्रहापुढं नमून बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. ते एक जेवण झालं आणि अख्खी धर्मव्यवस्था कोसळली. आपल्याकडं ‘पुरुषांची पंगत उठू दे, मग बायका’ हे माझ्या आईच्या पिढीपर्यंत चाललं. ही गोष्ट त्या माइकवर दोन मिनिटांत सांगता आली असती. टेक्सासच्या बाईंनी कदाचित तो कप सरळही केला असता.

मला एक खोड आहे. बाहेर जेवायला गेलं की वाढणाऱ्याला विचारते, ‘तुम्ही स्वतः दुपारी काय जेवलात?’ मेनूकार्डापेक्षा या उत्तरातून मला त्या जागेबद्दल जास्त कळतं. लुआऊत ताटल्या उचलणारा मुलगा फिलिपिनो घरातला होता. तो आधी बावचळला, मग म्हणाला, ‘मागच्या बाजूला, स्पॅम आणि भात.’ स्पॅम म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस. आणि हळूच, ‘पोई खायची तर उद्या कालिहीत जा.’

कालिही ही होनोलुलूतली कष्टकऱ्यांची वस्ती. दुकान म्हणजे सहा टेबलं, फॉर्मायका उडालेली, भिंतीवर नातवंडांचे शाळेचे फोटो. हवाईत वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. तिनं थर्माकोलच्या डब्यात भाताचे दोन गोळे, मॅकरोनीचं सॅलड आणि लाउलाउ ठेवलं. बाहेरचं पान खायचं नाही, ते ‘टी’ नावाच्या झाडाचं, नुसतं बांधायला, असं बोटानं दाखवलं. आत काळपट हिरवा लगदा. पहिल्या घासाला मी डोळे मिटले, कारण चव ओळखीची होती आणि जागा अजिबात नव्हती.

‘घशाला खाजत नाही?’ मी विचारलं.

आंटी खळखळून हसली. ‘चार तास वाफवलंय. घाई करणाऱ्याला खाजतं.’

मी सांगितलं, आम्ही चिंच नाहीतर आमसूल घालतो. तिला नवल वाटलं. ‘अळूत आंबट?’ मग तिनं पोईची वाटी आणली. किती बोटांनी उचलता येते त्यावरून पोईचा दाटपणा मोजतात, एक बोटी, दोन बोटी, तीन बोटी. तिसऱ्या दिवसाची होती, आंबलेली, थेट आंबिलीच्या वळणाची. चार घास गेले आणि मी वाटी पुसून घेतली.

आता त्या डब्यातलं ‘अस्सल हवाई’ किती? मॅकरोनी कुठली, स्पॅम कुठला? उसाच्या मळ्यांवर चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर आले, दुपारच्या सुट्टीत एकमेकांचे डबे उघडले, त्यातून हे ताट झालं. शुद्धतेचा हट्ट मी धरणार नाही, आणि मराठी माणसानं तर तो धरूच नये. आपल्या उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळं अमेरिका खंडांतून आलेलं. त्या खिचडीत इथलं म्हणावं असं तूपच काय ते. लुआऊत शेवटी जे आगीचं नृत्य झालं तेही काही आदिम नव्हे. सामोआच्या फ्रेडी लेतुली यांनी 1946 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका हिंदू आग-खाऊ जादूगाराला पाहून आपल्या पारंपरिक सुरी-नाचात आग आणली, असं सांगतात. कोण तो आपला जादूगार, काय ठाऊक. पण ही सरमिसळ करणारा माणूस सामोआचा होता, त्याचं नाव लोकांना ठाऊक आहे आणि आज जगभर ते नाच नाचून सामोआची पोरं पोट भरतात. आंटीचा डबा आणि क्रॅब रंगून दोन्ही भेसळीचे. फरक एवढाच की एकाचे पैसे आंटीच्या गल्ल्यात पडतात.

अळू ताटातून गेलं कसं, याचंही उत्तर पैशातच आहे. अळूची शेती पाण्यात होते, आपल्या भातखाचरांसारखी. मळेवाल्यांनी डोंगरातले ओढे वळवून उसाकडे नेले, खाली खाचरं सुकली. त्याच मळेवाल्यांच्या गोटानं जानेवारी 1893 मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, आणि 1898 मध्ये हवाई अमेरिकेला जोडली गेली. मधल्या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल. त्याच्या नात्यातला जेम्स डोल 1899 मध्ये आला आणि 1901 मध्ये त्यानं अननसाची कंपनी काढली. एका डोलनं राज्य घेतलं, दुसऱ्यानं डबाबंद केलं. आज अननस म्हणजे हवाई असं जग समजतं. तो आहे दक्षिण अमेरिकेतला, आणि ‘हवाईयन पिझ्झा’ 1962 साली कॅनडात एका ग्रीक माणसानं केलेला. हवाई आज आपलं सुमारे 85 ते 90 टक्के अन्न बाहेरून आणते. उरलंसुरलंही काढून घ्यायला लोक निघतातच. हवाई विद्यापीठानं 2002 मध्ये अळूच्या तीन संकरित वाणांचं पेटंट घेतलं. थोरल्या भावाचं पेटंट! शेतकरी विद्यापीठाच्या दारात बसले, तेव्हा 2006 मध्ये ते सोडावं लागलं. 2018 मध्ये पोके हा हवाईचा कच्च्या माशाचा पदार्थ विकणाऱ्या शिकागोच्या एका साखळीनं देशभरातल्या छोट्या दुकानांना वकिलाची पत्रं पाठवली की ‘अलोहा’ हा हवाईतला नमस्काराचा शब्द तुमच्या पाटीवरून काढा. त्यातली काही दुकानं खुद्द हवाईच्या माणसांची होती.

पुण्यातली माझी मैत्रीण म्हणते, ‘तू सहलीला जातेस की उत्खननाला? माणसानं वर्षभर राबायचं, आठ दिवस समुद्राकाठी बसायचं, तिथं तुझं हे.’ तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आपल्यातले निम्मे लोक तर परदेशी जाऊन तिथलं खातच नाहीत. सहल कंपन्या सोबत आचारी नेतात आणि स्वित्झर्लंडमध्ये वरण-भात वाढतात. त्यांच्याकडून निदान कोणाच्या देवाच्या कवटीतून पिणं तरी होत नाही. पण मैत्रिणीच्या बोलण्यात एक गृहीत आहे, की बेटावरच्या माणसाची आठवण झाली तर जेवण कडू होतं. माझा अनुभव उलटा आहे. त्या आठ दिवसांत मला चव आठवते ती आंटीच्या डब्याची. आणि तो डबा लुआऊच्या तिकिटाच्या दहाव्या हिश्शातही बसला असता.

बेटापासून दूर, अगदी वाळवंटातसुद्धा, हे नीट जमू शकतं. 2020च्या जनगणनेनुसार मूळ हवाईयन वंशाचे निम्म्याहून जास्त लोक आता हवाईबाहेर राहतात, कारण पर्यटकांच्या बेटावर त्यांना घर परवडत नाही. पुष्कळजण लास व्हेगासला गेले, इतके की त्या शहराला ‘नववं बेट’ म्हणतात. तिथल्या जुन्या भागात कॅलिफोर्निया नावाचं हॉटेल आहे. 1975 मध्ये ते निघालं तेव्हा मालकानं ठरवून हवाईच्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली. म्हणून तिथं सायमिन नावाचं शेवयांचं सूप, लाउलाउ, बैलाच्या शेपटीचं सूप मिळतं. ते दाखवायला ठेवलेलं नाही. समोर बसलेल्या माणसाला घरची आठवण येते म्हणून ठेवलंय. बेटाची थीम म्हणायची तर तीही थीमच. पण तिथं बेटावरचा माणूस खुर्चीवर बसलेला असतो.

हे सगळं मी मराठीत का सांगते आहे? कारण आपल्या किनाऱ्यावर हेच दुकान आता मांडलं जातंय. मुंबई तर सात बेटांची. तिथं काचेच्या इमारतीत माड, बांबू आणि बालीचे मुखवटे लावले की तो ‘आयलंड’ बार होतो, आणि खाली कोळीवाड्यात तारेवर बोंबील वाळतात त्याला कोणी बेटाची थीम म्हणत नाही, वास येतो म्हणतात.

गोव्यानं यावर एक उपाय काढला. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या पर्यटन खात्यानं फर्मावलं की किनाऱ्यावरच्या प्रत्येक शॅकमध्ये, म्हणजे झावळ्यांच्या हंगामी खानावळीत, शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, मिळालीच पाहिजे. हेतू चांगला आहे. उत्तर भारतातल्या पर्यटकाला बटर चिकन आणि इतरांना पास्ता देता देता माशाचं हुमणच गायब झालं होतं, हे खरं. पण हा हुकूम पदार्थ धरतो आणि माणूस सोडतो. शॅकचे परवाने चिठ्ठ्या टाकून गोमंतकीयांनाच देतात आणि ते पुढं भाड्यानं द्यायला बंदी आहे. तरी दर हंगामात तीच तक्रार, नाव एकाचं, धंदा दुसऱ्याचा. परवानेवाला घरी बसून भाडं घेतो आणि शॅक चालवणारा मेनूच्या शेवटच्या पानावर शीत-कडी छापतो. लुआऊच्या बुफेतला पोईचा कागदी कप तो हाच. होता की नाही? होता. नियम पाळला.

मी सरकारात असते तर मेनू मोकळा सोडला असता. विकू देत नूडल्स, विकू देत पनीर टिक्का, गिऱ्हाइकाला जे हवं ते मागू दे. धरायचा तो परवाना. 2020 मध्ये महाराष्ट्रानंही शॅक धोरण मंजूर केलं, पहिल्या आठ किनाऱ्यांत आमच्या जिल्ह्यातले कुणकेश्वर आणि तारकर्ली होते. 1997 पासून सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित आहे. आमच्याकडं खरोखर चाललेली गोष्ट कुठली, तर न्याहारी-निवास. घर ज्याचं त्यातच तो राहतो, घावणे ज्या वैनीनं घातले तिच्याच हातात पैसे पडतात, आणि संध्याकाळी पाहुणा ओट्यावर बसून ‘हे काय, ते काय’ विचारतो. चादरीला नीळ जास्त होते, गरम पाणी कधी येतं कधी नाही. पण गल्ला घरात आहे. शॅकचे परवाने पहिल्यांदा किनाऱ्यावरच्या गावांतल्या महिला बचत गटांना द्यावेत, दर हंगामात एकदा जाऊन चूल कोण चालवतंय ते बघावं, पोटभाडेकरू सापडला तर त्याच दिवशी परवाना रद्द करावा. तपासनीसानं कढीत बोट घालून बघण्यापेक्षा वहीत बघितलेलं बरं. यात परप्रांतीय आचाऱ्याला हाकलण्याचा विषय नाही. नेपाळचा नाहीतर झारखंडचा पोरगा चांगला मासा तळत असेल तर तळू दे. त्याचं नाव पाटीवर लिहा आणि पगार वेळेवर द्या. कँटनी आचाऱ्यांची नावं टिकीच्या मेनूवर कोणी लिहिली नाहीत. आपण लिहू शकतो, त्याला काही परकीय चलन लागत नाही.

गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा आमच्या वाडीच्या खाली एक नवीन रिसॉर्ट झालेलं होतं. नाव इंग्रजी, त्यात ‘आयलंड’ आहे, बेट मात्र पार दीड मैल समुद्रात आणि तेही नुसता खडक. झावळ्यांच्या झोपड्या, त्याही आपल्या मांगरासारख्या नाहीत, बालीच्या कॅटलॉगातल्या. पुतण्यानं टेबल राखून ठेवलं होतं. मेनूत नाचोज होते, ‘ट्रॉपिकल’ नावाचं सॅलड होतं, त्यावर डब्यातला अननस. सोलकढी मागवली ती गुलाबी रंगाची आणि थेट पाकिटातली.

हात धुवायला म्हणून मागच्या बाजूला गेले. तिथं पाण्याच्या टाकीच्या सावलीत आमच्या वाडीतलीच एक वैनी पायरीवर बसून जेवत होती. सकाळपासून भांडी घासत होती. मला बघून ओशाळली, मग सरकून जागा दिली.

‘काय जेवतेस?’ मी विचारलं.

स्टीलच्या डब्याचं झाकण तिनं बाजूला केलं. भात, आणि वर अळूचं फदफदं, फणसाच्या आठळ्या घातलेलं.

‘हय करूक देणत नाय,’ ती म्हणाली. ‘गिऱ्हाइकाक चलना नाय म्हणतत.’ मग झाकणात दोन घास काढून माझ्यापुढं धरले. मी क्षणभर थांबले असेन, कारण तिनं लगेच सांगितलं, ‘खाजना नाय गो. आमसुला घातलंय.’